शिकलेली घोडी विकताना

घोडी चौदा वर्षांची, उंची 15 हँड, म्हणजे 60 इंच. अडथळ्यांवर तयार, रहदारीतही शांत. माझे गुडघे उड्यांना नको म्हणू लागले, म्हणून विकायची ठरवली. एरवी विकली नसती.

जाहिरातीत तिच्या खोडीही लिहिल्या: तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना कान मागे टाकते, गाडीत चढायला वेळ लावते. अशाने गिऱ्हाईक पळेल, असं मित्र म्हणाले. पळणारे पळाले, बरंच झालं.

'अनुभवी' वाचून नवशिकेच जास्त आले. घोड्याला सगळं येतं म्हणजे आपल्याला काही यायला नको, असा त्यांचा समज. खरं तर शिकलेली घोडी पोटरीचा हलका दाबही ओळखते. तोल सावरायला स्वाराने टाचा आवळल्या की ती इमानाने वेग वाढवते. तो घाबरून लगाम खेचतो, ती डोकं झटकते, आणि 'घोडी अडेल आहे' असा शेरा मिळतो! म्हणून आधी मी बसून दाखवायचो. मग आलेला माणूस वॉक (साधी चाल) आणि ट्रॉटमध्ये (दुडकी चाल) कसा बसतो ते पाहूनच पुढचं.

एकाने बदल्यात चार वर्षांचा देखणा घोडा आणि वर पैसे देऊ केले. पण कोवळा घोडा शिकवायला तेच गुडघे लागणार होते.

जिला ती दिली, तिने आधीच बजावलं होतं, मी येईपर्यंत खोगीर चढवू नका. रास्तच, आधी दमवून मग शांत घोडा दाखवणारे असतात. तिने स्वतः खरारा केला, खूर उचलून पाहिले, मग रिकिबीत पाय ठेवला. पशुवैद्यही तिचाच. सांधे दुखतात का ते पाहायला त्याने एकेक पाय मिनिटभर दुमडून धरला आणि सोडताच घोडीला कडक जमिनीवर सरळ ट्रॉट करायला लावलं. मागच्या डाव्या पायाची पहिली पावलं आखडती पडली. एक्स-रेमध्ये सांध्याची थोडी झीज दिसली. वेदनाशामक दिलेलं नाही ना, हे तपासायला रक्तही घेतलं. मला त्याचा राग आला नाही.

तिने किंमत उतरवली, मी मानली. उंच उड्या घ्यायच्या नाहीत असं तिने आपणहून सांगितलं. तपासणीचा अहवाल करारपत्राला जोडला, पूर्ण रक्कम आल्यावरच घोडी हलवली. सोबत तिचा नेहमीचा लगाम, लसीकरणाचे कागद, शेवटच्या नालबंदीची तारीख आणि आठवडाभर पुरेल इतकी चंदी दिली. खाणं एकदम बदललं तर पोटशूळ उठू शकतो. जुन्यात नवं थोडंथोडं मिसळत जा, हे पोत्यावरच लिहून चिकटवलं.