मध्यवर्तुळापासून पेनल्टीच्या ठिपक्यापर्यंत

२० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्याच्या स्टेडियमवर इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना पेनल्टी शूटआऊटवर गेला, तेव्हा माझे लक्ष चेंडूपेक्षा मध्यवर्तुळातून एकट्याने पुढे निघणाऱ्या खेळाडूच्या चालण्याकडेच अधिक होते. जादा वेळेनंतरही १-१ अशी बरोबरी होती. हैदराबादचा गोलरक्षक असलेल्या आपल्या गोव्याच्या लक्ष्मीकांत कट्टीमनीने तीन फटके अडवले आणि हैदराबादने केरळ ब्लास्टर्सवर ३-१ असा विजय मिळवला. कट्टीमनीचे कौतुक योग्यच होते; परंतु चुकलेल्यांविषयी परतीच्या वाटेवर एकच शेरा कानावर येत होता : ‘घाबरले.’

हा शब्द मला खटकतो, कारण तो माझ्याही वाट्याला आला आहे. भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतातील गावच्या स्पर्धेत शेवटचा फटका माझ्याकडे होता आणि तो मी गोलपट्टीवरून बाहेर मारला. भीती वाटली होती का, हे आजही मला ठामपणे सांगता येत नाही. आठवते ते एवढेच, की चालता चालता पाय कसा टाकावा याचाच मी विचार करू लागलो होतो.

ताणाचे खरे काम इथेच चालते. ॲड्रेनलिनमुळे हृदयाची गती वाढते, श्वास उथळ होतो, स्नायू ताठरतात. मात्र एवढ्याने फटका बिघडतोच असे नाही, कारण थोडी उत्तेजना खेळाला उपकारकही असते. बिघाड होतो तो लक्षाची दिशा बदलल्यामुळे. हजारो वेळा केल्यामुळे अंगवळणी पडलेली हालचाल खेळाडू पुन्हा जाणीवपूर्वक करू पाहतो. जिना उतरताना प्रत्येक पायरीचा विचार करू लागलो तर अडखळायला होते, तसेच हे. समोरचा गोल तोच, ७.३२ मीटर रुंद, आणि अंतरही ११ मीटरच. तरीही, चुकल्यास सामना हातचा जाईल अशा फटक्यावर खेळाडू जास्त चुकतात आणि शिट्टी वाजताच घाईने धाव घेणाऱ्यांना यश कमी मिळते, असे नॉर्वेचे संशोधक गाइर यॉर्डेट यांच्या अभ्यासांत दिसले आहे. ती घाई म्हणजे बहुधा या असह्य क्षणातून लवकर सुटण्याची धडपड असावी.

पुढच्याच वर्षी फातोर्ड्यात अंतिम सामना पुन्हा शूटआऊटवर गेला आणि शेराही तोच ऐकू आला.

‘पेनल्टीचा सराव करून उपयोग नाही, तो दाब तिथेच कळतो,’ असे आमच्याकडचे जुने खेळाडू सांगत. मला ते अर्धेच पटते. आमच्या क्लबच्या मुलांना मी आता सरावाच्या अखेरीस, दमलेली असतानाच, मध्यवर्तुळातून एकेकट्याने चालत यायला लावतो. चेंडू ठेवल्यावर शिट्टीसाठी मुद्दाम ताटकळत ठेवतो आणि बाकीच्यांना ओरडायला सांगतो. गेल्या रविवारी एकाने चेंडू ठेवला, गोलरक्षकाकडे पाहत सावकाश तीन श्वास घेतले, आणि तरीही फटका बाहेर गेला. ओरडणारी मुले एकदम गप्प झाली. चेंडू आणायला मीच गेलो.