शिकागोत पेपर कोणता घेता?

पुण्याहून फोन आला की हा प्रश्न हमखास येतो. खरं सांगायचं तर घरी पेपर येत नाही. बातम्यांसाठी दरमहा पैसे मात्र देते, आणि तेही एका रेडिओ स्टेशनला. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

इथला थोरला पेपर 'शिकागो ट्रिब्यून', १८४७ सालचा. १९२४ मध्ये त्यानं रेडिओ स्टेशन हाती घेतलं, नाव डब्ल्यूजीएन, म्हणजे 'वर्ल्ड्स ग्रेटेस्ट न्यूजपेपर'. स्वतःच स्वतःची आरती! १९४८ मध्ये त्याच नावाचा टीव्हीही आला. आणि त्याच वर्षी या 'सर्वश्रेष्ठ' पेपरनं अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ड्यूईंनी ट्रूमनना हरवल्याचा मथळा छापला. छपाई कामगारांच्या संपामुळे निकालाआधीच अंक छापायला सोडावा लागत होता, हे खरं. पण निवडून आले ट्रूमन. भारतातून पाहुणे आले की आम्ही ट्रिब्यून टॉवर दाखवतो, कारण त्याच्या भिंतीत ताजमहालाचा एक तुकडा बसवलाय. पेपरनं तो टॉवर २०१८ मध्ये सोडला, आता तिथे महागडे फ्लॅट आहेत. २०२१ मध्ये पेपर एका हेज फंडाच्या, म्हणजे बड्यांचा पैसा गुंतवणाऱ्या कंपनीच्या, हाती गेला.

माझा जीव 'सन-टाइम्स'वर. १९७७ मध्ये या पेपरनं चक्क एक दारूचा बार विकत घेतला, नाव ठेवलं 'मिराज'. वार्ताहर गल्ल्यामागे उभे राहून ग्लास भरत होते आणि छुपे कॅमेरे चालू होते. तपासणीला येणारे सरकारी इन्स्पेक्टर पाकीट घेऊन खुशाल 'सगळं ठीक' म्हणत. जानेवारी १९७८ पासून ही मालिका छापून आली आणि शहर हादरलं. पुलित्झर, म्हणजे इथलं पत्रकारितेचं मानाचं पारितोषिक, मात्र मिळालं नाही. वेश बदलून बातमी काढली, हा आक्षेप. मला तो आजही पटत नाही.

हा पेपर २०२२ मध्ये डब्ल्यूबीईझेड या सार्वजनिक रेडिओच्या संस्थेनं आपल्यात घेतला. एकेकाळी पेपर रेडिओ पोसायचा, आता रेडिओ पेपर पोसतोय. त्याच वर्षी सन-टाइम्सची वेबसाइट सगळ्यांना फुकट झाली. मी पैसे देते ते इथे.

टीव्ही लावते तो हिमवादळाच्या दिवशी. गाडीत मात्र ७८० एएम हे रेडिओ स्टेशन: दिवसभर बातम्या आणि दर दहा मिनिटांनी ट्रॅफिक. केनेडी तुंबलाय, डॅन रायन मोकळा आहे! हायवेंना इथे माणसांच्या नावानंच ओळखतात.

सगळं छान आहे असंही नाही. २०२५ च्या मार्चमध्ये सन-टाइम्सच्या सुमारे २० टक्के लोकांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मे महिन्यात बाहेरून घेतलेल्या एका पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या पुस्तकांची यादी आली. लेखक खरे, पण त्यातली बरीच पुस्तकं त्यांनी लिहिलेलीच नव्हती; एआयनं रचलेली नावं होती ती. फार चिडले होते. वर्गणी तरीही चालू ठेवली आहे, कारण महापालिकेत रोज जाऊन बसणारे वार्ताहर फुकट मिळत नाहीत.