आमची वाटचाल: अनुदानाच्या चुलीपासून बाजारातल्या चुलीपर्यंत

आमचं घर कुंभाराचं. सासरे माठ, रांजण, पणत्या करायचे. चुली थापायचं काम सासूबाईंचं, तेही उन्हाळ्यात आणि गावापुरतं. धंदा म्हणून आम्ही चुलीकडे वळलो ते सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे. १९८०च्या दशकात सुरू झालेला हा कार्यक्रम २००२ पर्यंत चालला आणि देशभर तीन कोटींहून जास्त चुली बसल्याची नोंद आहे. गावातल्या माणसाला प्रशिक्षण द्यायचं, त्यानं घरोघरी चूल बसवायची आणि चुलीमागे ठरलेली रक्कम घ्यायची, अशी ती पद्धत. माझे यजमान तसे शिकले. मी त्यांच्या हाताखाली कालवाकालव करत करत शिकले.

आमच्या सातारा भागात चालली ती लक्ष्मी चूल. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली उभ्या केलेल्या 'आरती' संस्थेचं हे काम. दोन भांड्यांची, मागे धुराडं आणि आत जाळी. जाळीमुळे हवा खालून येते, लाकूड धुमसत नाही. सासूबाई नुसत्या नजरेनं चूल थापायच्या आणि त्यांची चूल पेटायचीही छान. पण दुसऱ्या कुणी थापली की तोंड बोटभर मोठं व्हायचं, नाहीतर भांड्याखालची जागा कमी पडायची, आणि धूर परत घरात. लोखंडी साचा आला आणि माप ठरून गेलं. माझ्या मते त्या सगळ्या कार्यक्रमातली सगळ्यात टिकाऊ गोष्ट म्हणजे हा साचा.

अनुदान बंद झालं तेव्हा आमच्याबरोबर शिकलेल्या बऱ्याच जणांनी काम सोडलं. त्यांना दोष कसा द्यायचा? जी वस्तू काल जवळजवळ फुकट मिळत होती, तिचे पैसे आज मागायचे म्हणजे जड काम. आम्ही साचे विकले नाहीत, कारण भंगारवाला देत होता ती किंमत अगदीच हास्यास्पद होती. मग चुली टेम्पोत घालून आठवडा बाजारात नेऊ लागलो. पुढे पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत पेटती चूल मांडून बसलो. यात्रेतली गर्दी बैल बघायला येते; पण भाकरीचा वास आला की बायका थांबतात.

आणि तिथेच खरं शिक्षण झालं. धुराबद्दल कुणी विचारेना. पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "ताई, भाकरी कुठं शेकायची?" तव्यावरून उतरलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी आरावर उभी करतात, तेव्हा ती फुगते. सुधारित चुलीचं तोंड लहान, आणि आर जाळीतून खाली पडलेला. भाकरी फुगली नाही तर त्या चुलीचं घरात काय काम? अनुदानाच्या दिवसांत हे कुणी तोंडावर बोललं नव्हतं. फुकटच्या चुलीबद्दल तक्रार कशाला करायची, ती परसात सरकवायची आणि जुनी पेटवायची. पैसे मोजणारी बाई मात्र सोडत नाही. तोंड मोठं केलं तर गार हवा आत शिरते आणि सरपण जास्त लागतं. म्हणून आम्ही तोंड तसंच ठेवलं, राखेचा कप्पा पुढून उघडा केला आणि त्याच्यापुढे रुंद ओटा काढला. खाली पडलेला आर ओढून ओट्यावर घ्यायचा, त्याला भाकरी टेकवायची. विक्री वाढली ती या ओट्यानं.

दुसरा प्रश्न जळणाचा. पाटणच्या डोंगरात पावसाळाभर लाकूड ओलं. माण-खटावात तुराट्या आणि बाभळीच्या काटक्या, भुर्रकन जळून जाणाऱ्या. ओल्या लाकडाला धुराडं लागतंच. काटक्यांना मात्र धुराड्याची ओढ जास्त झाली की जाळ भांड्याला न लागता वर पळतो. म्हणून तिकडे धुराड्याविना, उचलून अंगणात नेता येईल अशी चूल खपते. पत्र्याच्या डब्यात भाजलेल्या मातीचं अस्तर ही तिची रचना केनियातल्या जिको शेगडीवरून सुचलेली. ती शेगडी कोळशाची, आणि तिचं मूळ थायलंडच्या बादली-शेगडीत. नैरोबीतले पत्र्याचे कारागीर ती बनवून बाजारात विकतात, हे ऐकून आम्हाला धीर आला होता. आत भाजलेल्या मातीचं अस्तर बसवणं तर आमचं घरचंच काम. नुसतं सिमेंट जाळानं तडकतं, भाजलेली माती टिकते.

पंख्यानं आत हवा ढकलणाऱ्या, म्हणजे पंख्याच्या चुलीही आम्ही विकून पाहिल्या. भारतीय मानकात साध्या चुलीला किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीला ३५ टक्के कार्यक्षमता लागते, म्हणजे कागदावर पंखा सरस. पण त्यात लाकडाचे बारीक तुकडेच घालावे लागतात. बोटाएवढे तुकडे तोडत कोण बसणार? शेतावरून आलेल्या बाईला अख्खं लाकूड सारायचं असतं.

२०१६ साली उज्ज्वला योजना आली, तेव्हा पाहुणेरावळे आम्हाला दुसरा धंदा बघायला सांगू लागले. गॅस आला तो चांगलाच झाला, माझ्या स्वयंपाकघरातही आहे. पण आंघोळीचं पाणी, जनावरांचं आंबोण आणि रविवारचा रस्सा गॅसवर करायला आमच्याकडे कुणी धजत नाही. आज आमचं निम्म्याहून जास्त काम पाणी तापवायच्या चुलींचं आहे. उरलेलं बरंचसं ढाबे, खानावळी आणि वसतिगृहांच्या मोठ्या चुलींचं. तिथला आचारी दिवसभर धुरात उभा असतो आणि मालक लाकडाच्या बिलाकडे बघत असतो, त्यामुळे दोघांना पटवायला वेळ लागत नाही.

हल्ली कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे धूर-प्रदूषण कमी केल्याबद्दल कंपन्यांकडून मिळणाऱ्या पैशातून पुन्हा फुकट चुली वाटल्या जातात. आमच्याकडच्या एका गावात अशी गाडी येऊन गेली आणि घेतलेल्या ऑर्डरी रद्द झाल्या. पुढच्या वर्षी त्याच घरांतून जाळी बदलून मागायला माणसं आली. मापाची जाळी आमच्याकडे नव्हती, लोहाराकडून करून आणून दिली. पैसे घेतले.

गिऱ्हाईक बहुतेक बचत गटांतून येतं, हप्ता उसाच्या बिलाला जोडलेला. पावसाळ्यात माती वाळत नाही, म्हणून साचे बंद असतात आणि दुरुस्ती तेवढी चालते. मोठ्या चुलीसाठी भांड्याचा घेर आणि जळण कुठलं, एवढं आधी सांगावं.