बांधावरच्या आज्याचा माग

गणपतीत घर भरलं की आमच्याकडे एक गोष्ट हमखास निघते. माझ्या आजोबांच्या आजोबांनी धरमतरची खाडी अडवून शेत केलं. एकट्याने! घरात सगळे त्यांना ‘बांधावरचा आजा’ म्हणतात. एकटा माणूस खाडी अडवू शकत नाही, हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली.

बांधाला खांड गेली, म्हणजे भगदाड पडलं, म्हणून मे महिन्यात काकांबरोबर हात लावायला गेलो होतो. काम अष्टमीच्या भांगाला, कारण तेव्हा भरती नरम असते. पुनवेच्या उधाणात कोणी या कामाच्या वाटेला जात नाही. ओहोटी लागली तशी वीस माणसं रांगेत उभी राहिली आणि चिखलाची ढेकळं हातोहात पुढे सरकू लागली. वर पेंढा, मग दगड. पाणी परत चढेपर्यंत जेमतेम कमरेएवढा बांध झाला. काका कमरेवर हात ठेवून म्हणाले, “एकट्याने केला म्हणे!”

मग मी कागदांच्या मागे लागलो. सातबारा, त्यामागचे फेरफार, त्याही मागे मोडी. एका निवृत्त गुरुजींनी भिंग लावून वाचून दाखवलं. आडनावाचा पत्ता नाही, नुसतं ‘अमका बिन तमका’. गावातल्या चार माणसांचं तेच नाव. बापाच्या नावावरून आमचा माणूस सापडला. पण सापडला तो कुळांच्या यादीत. जमीन खोताची, गावाचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराची! खरं सांगतो, त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. खारं पाणी बाहेर ठेवायचं, पावसाने मीठ धुऊन निघायची दोन-तीन वर्षं वाट बघायची, आणि भात पिकलं की मक्ता, म्हणजे ठरलेला खंड, खोताला.

कोतवाल बुकात, म्हणजे गावाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, आज्याच्या मरणाची एक ओळ आहे. कारण: ताप. बस.

पणजोबांनी काही वर्षं शेत ओस टाकलं होतं, हे ऐकून होतो. आळशी असतील, असं मी धरून चाललो होतो. आता सनावळी जुळली. 27 ऑक्टोबर 1933 ला अलिबागजवळच्या चरी गावातल्या सभेत शेतकरी नेते नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी खोतांची जमीन न कसायचं ठरवलं. संप 1939 पर्यंत चालला. त्या वर्षांत पणजोबा खाडीत मासे धरायचे, डोंगरावरची लाकडं विकायचे. पण रात्री उधाणाला कंदील घेऊन बांधावर जायचे, असं आजी तिच्या सासूच्या तोंडचं सांगायची. नांगर घरात टांगलेला, आणि माणूस खोताच्या जमिनीचा बांध राखतोय!

जमीन कुळकायद्याने आमची झाली. 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनानंतरच्या (त्या दिवशी कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली) फेरफारात आजोबांचं नाव आहे, तेही चुकीच्या वेलांटीचं. ती वेलांटी आजच्या सातबाऱ्यावरही तशीच आहे. दुरुस्तीचा अर्ज तीनदा दिलाय.

काकांचा काल फोन आला होता. उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची, फळी कुजलीय, पुनवेआधी ये म्हणाले.