दात बघून सांगा

परवा दुपारी ऑफिसात डबा खात होते तेवढ्यात आमच्या घरच्या ग्रुपवर फोटो आला, नुसते दात. घोड्याचे. दादानं एका हातानं ओठ वर करून दुसऱ्या हातानं मोबाईल धरलेला, त्यामुळं अर्ध्या फोटोत त्याचा अंगठाच. खाली एक अक्षर लिहिलेलं नाही. लगेच आत्याचा मेसेज, "चार दाताचं आहे." काका म्हणे, "कुठलं चार, अखंड झालंय, चष्मा लाव." मग काकू, जिनं आयुष्यात घोड्याच्या तोंडात हात घातला नाही, तिनं लिहिलं, "डोळ्यावरनं लबाड वाटतंय." डोळे फोटोत नव्हतेच. शेजारी बसलेलीनं डोकावून विचारलं, कुणाला रूट कॅनल सांगितलंय का.

आता काय सांगायचं हिला, घोड्याचं वय दातावरनं कळतं म्हणून. अडीच वर्षाला मधले दोन दुधाचे दात पडून पक्के येतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, म्हणजे चार दाताचं, साडेचारला कडेचे आणि पाचव्या वर्षी तोंड भरलं, म्हणजे अखंड. त्यानंतर दातावरचा काळा खड्डा किती झिजला त्यावरून अंदाज. आबा म्हणायचे व्यापारी इथंच गंडवतो, तापल्या सळईनं खड्डे कोरतो आणि म्हातारं घोडं जवान म्हणून गळ्यात मारतो, म्हणून दात बघून झाले की डोळ्याच्या वरची खोबण बघायची, ती वयाबरोबर आत जाते, ती काय सळईनं भरता येत नाही. ही सवय मला इतकी लागलीय की लग्नात नवरदेव दिसायला कसा ते नंतर, आधी स्टेजवर चढताना मागचा पाय ओढतो का ते बघते. नवऱ्याला हे अजून सांगितलेलं नाही.

आबांचा टांगा परभणीच्या स्टेशनवर असायचा. रिक्षा आल्या, टांगा गेला, पण तट्टू पाळायचं काही सुटलं नाही. तट्टू म्हणजे तट्टूच, उगाच काठेवाडी, मारवाडी काही नाही, धनगरांच्या बिऱ्हाडातून घेतलेलं आखूड पायांचं, पाठीवर संसार, वर कोकरू, त्याच्यावर कोंबडी बांधून चालणाऱ्या वाणाचं. या भीमथडीला हल्ली देशी जात म्हणून सरकारी नोंद मिळालीय, काका तेव्हापासून जरा ताठ चालतो.

नवं शिंगरू गाडीला लावायचं म्हणजे आमची चंगळ. आधी नुसता साज अंगावर घालून गोठ्यात उभं करायचं, पट्ट्यांची सवय व्हायला. मग डोळ्यांना झापडं लावून, लांब लगाम धरून मागनं चालायचं. आणि मग टायर. ट्रकचा जुना टायर दोरखंडानं मागं बांधायचा आणि वजन कमी पडतंय म्हणून त्यावर मला बसवायचे. सगळ्यात हलकी मी होते, म्हणजे वजनाचा मुद्दा तसा खोटाच होता. मागं काहीतरी बोलतंय, खिदळतंय, ओरडतंय याची घोड्याला सवय व्हावी हा खरा उद्देश, हे मला फार नंतर कळलं. ढेकळातून टायर उड्या मारायचा, तोंडात माती, डोळ्यात माती, आणि आज्जी बांधावरून आबांना शिव्या देतेय. आबा फक्त "हुर्र, बेटा" म्हणायचे, ते घोड्याला की मला कुणास ठाऊक.

आणि एक गाढव होतं. त्याला काही काम नव्हतं. टेम्पोत तट्टू एकटं असलं की लाथा झाडायचं, शेजारी गाढव उभं केलं की गप्प, एवढ्यासाठी ते ठेवलेलं. पण यात्रेत भाव यायचा त्यालाच. रुमालाखाली हात घालून कोण कोण बोटं दाबून भाव सांगून जायचं, आबा हसून हात काढून घ्यायचे. काकाला एकदा खेचर पाळायचं खूळ होतं, घोडी आपली आहेच, जेजुरीला पौषाच्या बाजारात काठेवाडी गाढव बघू म्हणाला. त्यावर आज्जी म्हणाली, पुढं वंश नाही त्याचा, दारात कशाला. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३, जोड्या लागत नाहीत, हे मी शाळेत शिकून आल्यावर तिला सांगितलं तर म्हणाली, मी काय वेगळं म्हणाले?

माळेगावची यात्रा म्हणजे लोहा तालुक्यातली, खंडोबाची, मार्गशीर्षातली. तिथं जनावरांचं प्रदर्शन भरतं. आदल्या रात्री आयाळीच्या वेण्या, खुरांना खोबरेल, आत्याच्या जरीच्या साडीची झूल. एका वर्षी तट्टू पांढरं होतं, रिठ्यानं धुऊन असं लख्ख केलेलं की रात्री त्याला बसू द्यायला पण जीव होईना. सकाळी दादा त्याला घेऊन निघाला आणि वाटेत पालखी. येळकोट येळकोट जय मल्हार, आणि भंडारा असा उधळला की घोडं मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत पिवळं. हळद ती, पुसली की जास्त पसरते. रिंगणात परीक्षकांनी रंग काय लिहायचा म्हणून विचारलं तर आबा शांतपणे म्हणाले, "देवाला विचारा." नंबर आला नाही. पण गर्दी आमच्याच घोड्याभोवती होती.

मला एक मात्र पटत नाही. आता सगळी वाहवा नाचणाऱ्या घोड्याची, ढोलावर मागच्या पायांवर उभं राहणाऱ्या. गाडीला जुंपलेलं तट्टू हलगीच्या आवाजात, गर्दीत, न बुजता सरळ दुडक्या चालीनं जातं यात केवढी मेहनत असते, ती बघायला कोण थांबतंय. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या २०१५ साली कोर्टानं बेकायदा ठरवल्या, घोड्यांचे हाल व्हायचे ते खरंच, त्याबद्दल वाद नाही. पण २०१९ च्या पशुगणनेत देशातली गाढवं सात वर्षांत ६१ टक्क्यांनी घटून सव्वा लाखाच्या आत आली, घोडी-तट्टं पण जवळपास निम्मी झाली. काकाला हा आकडा सांगितला तर म्हणाला, मग आपल्याला नंबर मिळायचा चान्स वाढला की.

तर ते दातवालं. दादानं घेतलंय, यंदा माळेगावला न्यायचंय. पण आता आधी रक्त तपासून ग्लँडर्स नसल्याचा दाखला मागतात आणि सॅम्पल गेलंय हिसारच्या अश्व संशोधन केंद्रात. तो रोग माणसालाही होतो, पॉझिटिव्ह निघालं तर जनावर ठेवता येत नाही, मारून खोल पुरायचं हा कायदा, आणि मग गोठ्यातल्या बाकीच्यांचीही तपासणी. दादा फोनवर फार बोलत नाही हल्ली. काकूनं खंडोबाला नवस बोललाय. काका म्हणतो, रिपोर्ट हिसारहून येतो, माळेगावहून नाही, पण नवसाचा नारळ त्यानंच आणून ठेवलाय.