तुम्ही विचारलंत म्हणून: फंक्शन म्हणजे फॉर्म्युलाच ना?

अकरावीची मुलं हे विचारतातच, पण त्यांच्यापेक्षा त्यांचे आईबाबा जास्त विचारतात, की मॅडम, फंक्शन म्हणजे शेवटी फॉर्म्युलाच ना, मग पुस्तकात ते दोन सेट आणि बाण काढून एवढं किचकट कशाला करून ठेवलंय? तर नाही, फॉर्म्युला नाही. पण तुम्हाला तसं वाटतं यात काही गैर नाही, कारण अठराव्या शतकातला मोठा गणितज्ञ ऑयलर, त्यालाही तसंच वाटायचं.

गणितज्ञ लायब्निझने १६७० च्या दशकात 'फंक्शन' हा शब्द वापरला तो वक्ररेषेशी जोडलेल्या लांबींसाठी, स्पर्शिका वगैरे. मग १७१८ मध्ये योहान बर्नुलीने म्हटलं की चल आणि स्थिर राशींपासून कशाही प्रकारे बनवलेली राशी म्हणजे फंक्शन, आणि त्याचा विद्यार्थी ऑयलर, त्याने १७४८ च्या पुस्तकात सरळ 'अ‍ॅनालिटिक एक्स्प्रेशन' असंच लिहिलं. म्हणजे फॉर्म्युलाच. झालं, मिटलं असतं.

पण नेमका त्याच सुमारास तारेचा वाद पेटला. दोन्ही टोकांना ताणून बांधलेली तार छेडली तर ती कशी हलते, याचं समीकरण दालांबेरने १७४७ मध्ये मांडलं, आणि त्याचं म्हणणं असं की तारेचा सुरुवातीचा आकार एकाच फॉर्म्युलाने लिहिता आला पाहिजे. आता तार मधे बोटाने ओढून धरा, काय दिसतं? दोन सरळ रेषा आणि मधे कोपरा. दोन तुकडे, दोन फॉर्म्युले. ऑयलर म्हणाला हाही आकार चालला पाहिजे, तार तर हलतेच आहे की! मला इथे ऑयलरचं फार कौतुक वाटतं, कारण स्वतःचीच व्याख्या अपुरी पडतेय हे दिसल्यावर त्याने ती सोडली आणि १७५५ मध्ये नवी लिहिली, की एक राशी बदलली की दुसरी बदलते, म्हणजे दुसरी पहिलीचं फंक्शन. फॉर्म्युलाचं नावच नाही त्यात.

(तुमच्या वीजबिलाचंही तेच आहे, १०० युनिटपर्यंत एक दर, पुढे दुसरा. फॉर्म्युला तुकड्यातुकड्यांचा, पण युनिट सांगा की बिल ठरलेलं.)

गंमत म्हणजे ऑयलर असल्या तुकड्यांच्या फंक्शनला 'खंडित' म्हणायचा, रेषा जोडलेली असली तरी. १८४४ मध्ये कोशीने यातली हवाच काढली. एक्स धन असेल तर एक्स, ऋण असेल तर उणे एक्स, हे दोन फॉर्म्युले झाले ना? पण एक्सच्या वर्गाचं वर्गमूळ घ्या, तेच फंक्शन एका फॉर्म्युलात! मग खंडित कुठलं आणि अखंड कुठलं? म्हणजे फॉर्म्युले किती, यावरून फंक्शनबद्दल काहीच कळत नाही, ती आपल्या लिहिण्याची सोय.

मधल्या काळात फूरिएने उष्णता कशी पसरते ते शोधताना १८०७ मध्ये पॅरिसला दावा केला की कुठलंही फंक्शन साइन-कोसाइनच्या बेरजांनी लिहिता येतं, लाग्रांजला ते पटलं नाही, आणि 'कुठलंही' म्हणजे नक्की कुठलं हे शेवटी डिरिक्लेने तपासायला घेतलं. १८२९ मध्ये त्याने एक विचित्र उदाहरण दिलं, एक्स परिमेय असेल तर एक किंमत, अपरिमेय असेल तर दुसरी. याचा ग्राफ काढून दाखवा! नाही निघत. पण फंक्शन आहे, कारण प्रत्येक एक्सला एक आणि एकच उत्तर ठरलेलं आहे. ते सेट आणि बाण म्हणजे एवढंच सांगणं आहे, बाकी काही नाही.

आता लगेच पुढचा प्रश्न येतो की असली विचित्र फंक्शन्स हवीत कुणाला. १८७२ मध्ये वायरश्ट्रासने कुठेही न तुटणारं, पण एकाही बिंदूला डेरिव्हेटिव्ह (म्हणजे त्या बिंदूपाशी ग्राफचा उतार) नसलेलं फंक्शन दाखवलं, तेव्हा मोठमोठे लोकही वैतागले होते, एर्मिटने तर १८९३ च्या पत्रात अशा फंक्शन्सना भयंकर पीडा म्हटलंय. आणि आज शेअर बाजाराच्या किमतींची जी नेहमीची मॉडेल्स ब्राउनियन मोशनवर (म्हणजे सतत वेडंवाकडं, नेम नसलेलं हलणं) चालतात ना, त्यातला ग्राफ नेमका याच जातीचा असतो.