नावावर केस आहे आणि ट्रकवर काम हवंय

ट्रक चालवायला बॅज लागत नाही. रिक्षा, टॅक्सी, बस अशा प्रवासी गाड्यांना तो लागतो आणि त्यासाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. मालवाहू गाडीला ट्रान्सपोर्टचं लायसन्स पुरतं. ते देताना आरटीओ वय, डोळे, तब्येत आणि टेस्ट बघतं. त्यामुळे कोर्टात केस चालू असलेल्या किंवा शिक्षा भोगून आलेल्या माणसाला हा धंदा कायद्याने बंद नाही. अडतं ते मालकाच्या दारात. कुठल्या दारात जायचं हे नावावर नेमकं काय आहे त्यावरून ठरवायचं असतं, आणि बरेच जण तेच न बघता फिरत राहतात.

'केस आहे' म्हणजे काय, हे आधी स्वतःला नीट माहीत हवं. एफआयआर झाला पण पोलिसांनी समरी, म्हणजे तपास बंद करायचा अहवाल, कोर्टात पाठवली, तर ती कुठली ते विचारा. 'ए' म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही, 'बी' म्हणजे फिर्यादच खोटी, 'सी' म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी भांडणातून झालेली तक्रार. बी किंवा सी समरी मॅजिस्ट्रेटने मंजूर केली की विषय संपला, मात्र मंजुरीच्या आदेशाची नक्कल हातात हवी. चॅप्टर केस ही शांतता राखण्याच्या बाँडची कारवाई असते, शिक्षा नव्हे. तडजोडीने मिटलेली केस कायद्याने निर्दोष सुटल्यासारखीच धरतात. याउलट, 'कबूल करून दंड भरला आणि मोकळा झालो' असं म्हणणारे मोकळे झालेले नसतात. दंड कितीही छोटा असो, ती दोषसिद्धीच. तारखा टाळण्यासाठी कबुली द्यायच्या आधी वकिलाला एवढं एक नक्की विचारा.

परिविक्षेवर, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं असेल, तर १९५८ च्या कायद्याचं कलम १२ म्हणतं की त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. अठरा वर्षांच्या आत घडलेल्या गोष्टीला बाल न्याय कायद्याचं कलम २४ असंच संरक्षण देतं. अपवाद सोळा वर्षांवरच्या मुलाचा, ज्याचा गंभीर गुन्हा प्रौढासारखा चालवला गेला. याखेरीज, ठरावीक वर्षं उलटली की नोंद आपोआप पुसली जाईल असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

आता कागद. ई-कोर्टच्या साइटवर किंवा ॲपवर स्वतःचं नाव, वडिलांच्या नावासकट, शोधा. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक असतो, तो लिहून ठेवा. केस संपली असेल तर कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून निकालाची सर्टिफाइड कॉपी काढा आणि दोन-तीन झेरॉक्स संच करून ठेवा. निर्दोष सुटलात तरी ते पोलीस ठाण्याच्या नोंदीत चढलेलं असेलच असं नाही. चारित्र्य पडताळणीचा दाखला 'गुन्हा दाखल' असा शेरा मारून परत येतो, तेव्हा हीच नक्कल कामाला येते. दाखला ऑनलाइन अर्ज करूनच काढा. 'क्लिअर करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाचा बनावट दाखला पकडला गेला, तर आधी नसलेला गुन्हा तिथे तयार होतो.

मग लायसन्स. गाडीमालकाची विमा कंपनी ड्रायव्हरची केस बघत नाही, लायसन्स बघते. ते वैध नसेल तर अपघाताची भरपाई मालकाकडून वसूल होऊ शकते, म्हणून मालकही पहिल्यांदा तेच हातात घेतो. ट्रान्सपोर्ट लायसन्सची मुदत पाच वर्षं. तुरुंगात असताना ते संपलं असेल तर संपल्यापासून एक वर्षाच्या आत नूतनीकरण साधं आहे: अर्ज आणि डॉक्टरांचा फॉर्म १-अ. वर्ष उलटलं की पुन्हा टेस्ट. 'सारथी' या लायसन्सच्या सरकारी साइटवर क्रमांक टाकून ते निलंबित तर नाही ना, हे आधी तपासा. आरटीओला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ खाली लायसन्स रद्द करता येतं: सराईत गुन्हेगार, दारूचं व्यसन, किंवा दखलपात्र गुन्ह्यात गाडी वापरलेली असेल तर. पण म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, कारणं लेखी द्यावी लागतात, आणि आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येतं. ती नोटीस घरच्या पत्त्यावर येते आणि माणूस लाइनवर, म्हणजे लांबच्या फेऱ्यावर असतो, मुदत तिथेच निघून जाते. घरच्यांना सांगून ठेवा.

हेवीचं लायसन्सच नसेल तर वय वीस पूर्ण आणि लाइटचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं हवं. तोवर रिकामं बसायची गरज नाही. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की लाइट लायसन्सवर साडेसात हजार किलो एकूण वजनापर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. छोटा हत्ती, पिकअप यात बसतात. अशा गाड्यांचे मालक शहरातलेच असतात, कागदी चौकशी कमी करतात आणि रात्री घरी येता येतं. जामिनावर असलेल्यांसाठी हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा.

कारण लाइनच्या गाडीला आणि कोर्टाच्या तारखेला एकमेकांचं वावडं आहे. जामीन आदेश पुन्हा वाचा. 'परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर जाऊ नये', 'दर सोमवारी ठाण्यात हजेरी' अशी अट असेल तर पुणे-कोलकाता फेरा घेताच येत नाही. जाऊन-येऊन आठवडा सहज मोडतो. अट शिथिल करून घेता येते. त्यासाठी वकिलामार्फत अर्ज करायचा, सोबत मालकाचं नोकरीचं पत्र जोडायचं. उपजीविकेचा प्रश्न आहे हे कागदावर दिसलं की अर्जाला वजन येतं. एखाद्या तारखेला यायला जमणार नसेल तर वकिलाने त्याच दिवशी हजेरी माफीचा अर्ज द्यायचा. हे नागरिक सुरक्षा संहितेचं (बीएनएसएस) कलम ३५५, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ३१७. नुसती दांडी मारली की अजामीनपात्र वॉरंट निघतं. मग पोलीस भरलेल्या गाडीतून ड्रायव्हर उतरवतात, गाडी नाक्यावर उभी राहते आणि मालक पुन्हा कधी नाव काढत नाही. पुढची तारीख गाडी भरायच्या आधी मालकाला सांगा, भरल्यावर नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो.

तडीपारीचा आदेश असेल तर नकाशाच बदलतो. हा आदेश दोन वर्षांपर्यंतचा असू शकतो आणि बहुतेकदा शेजारचे जिल्हेही त्यात धरलेले असतात. पुणे जिल्ह्यातून तडीपार माणूस मुंबई-बेंगळुरू महामार्गाने गाडी काढू शकत नाही, कारण रस्ता जिल्ह्यातूनच जातो. 'मी थांबलो नव्हतो, नुसता पास झालो' हे चालत नाही. तात्पुरत्या प्रवेशाची लेखी परवानगी घ्या, नाहीतर आदेशाबाहेरच्या जिल्ह्यातली गाडी धरा.

आता मालक. कळंबोली, भिवंडी, चाकण, वाळूज, नाशिकचं आडगाव, नागपूरची वाडी, कुठेही जा, एक ते पाच गाड्यांचा मालक ओळखीवर माणूस घेतो. 'आधी कोणाच्या गाडीवर होतास?' एवढं विचारून तो फोन लावतो. त्याची भीती साधी असते: डिझेल जाईल, माल जाईल, ड्रायव्हर गाडी रस्त्यात सोडून पळेल. म्हणून गावातल्या मारामारीची केस तो फार मनावर घेत नाही. अपघाताची जुनी ३०४-अ, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यूची केस असेल तर एकच प्रश्न येतो, दारू होती का? पण मालाच्या अपहाराची, म्हणजे जुन्या दंड संहितेचं ४०७-४०८ आणि आताच्या न्याय संहितेचं ३१६, अशी केस असेल तर लांबचा फेरा आणि किमती माल विसरा. खडी, विटा, सिमेंट मिक्सर, कारखान्याचा ऊस अशा कामांपासून सुरुवात करा. माल स्वस्त, फेरा छोटा, आणि वर्षभरात तुमच्याबद्दल फोनवर चांगलं बोलणारा एक मालक तयार होतो. अपघाताच्या केसमध्ये 'परिविक्षा मिळेल' या आशेवर राहू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दलबीर सिंग खटल्यात, बेदरकार गाडी चालवून जीव घेणाऱ्या ड्रायव्हरला ती सवलत देऊ नये असंच म्हटलं आहे.

कुरिअर आणि ऑनलाइन विक्रीच्या मालाच्या गाड्यांवर पडताळणी बाहेरची एजन्सी करते. ती कोर्टाच्या नोंदींत नाव शोधते, त्यामुळे पाटील, जाधव, शिंदे मंडळींना दुसऱ्याचीच केस चिकटते. तसं झालं तर त्या खटल्याचा सीएनआर मागा, आणि वडिलांचं नाव, वय, पत्ता जुळत नाही हे लेखी कळवा. पेट्रोल-डिझेलच्या टँकरवर, डेपो पानेवाडीचा असो की लोणी काळभोरचा, पोलीस पडताळणी आणि धोकादायक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण दोन्ही लागतं. केस चालू असताना तिथे वेळ घालवू नका.

फॉर्मवरचे प्रश्न एकेक करून वाचा. 'गुन्हा दाखल आहे का', 'खटला प्रलंबित आहे का', 'शिक्षा झाली आहे का' हे तीन वेगळे प्रश्न आहेत. जेवढं विचारलंय तेवढंच, पण खरं लिहा. तोंडी विचारलं तर तीन वाक्यं पुरतात: केस कशाची, आज कुठल्या टप्प्यावर आहे, पुढची तारीख कधी. फिर्यादी कसा खोटारडा आहे हे पुराण मालकाला ऐकायचं नसतं.

काहीही न विचारता हातात चावी देणारेही भेटतील. वाळूचा डंपर, रात्रीचा गुटखा. ही कामं केस असलेल्यालाच आधी विचारतात, कारण पकडला गेला तर गुन्हा ड्रायव्हरच्या नावावर चढतो आणि मालक 'गाडी भाड्याने दिली होती' म्हणतो. आधीच्या नोंदीवर ही दुसरी पडली की तडीपारीचा प्रस्ताव जाऊ शकतो. वाळू तस्करांना तर एमपीडीए, म्हणजे धोकादायक कृत्यांना आळा घालायच्या राज्याच्या कायद्याखाली बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येतं. साध्या मालाच्या गाडीवरही बिल्टी (मालाची पावती), ई-वे बिल (जीएसटीचा वाहतूक कागद) आणि हौद्यातला माल जुळतो का ते निघण्याआधी बघा. आणि मूळ लायसन्स मालकाकडे गहाण ठेवू नका. उचल घेतलेल्या, केस असलेल्या ड्रायव्हरकडून ते हमखास मागितलं जातं; मग पगार अडला तरी गाडी सोडता येत नाही.

एसटी किंवा सरकारी ड्रायव्हरची जागा वेगळी. तिथे लपवणं हाच स्वतंत्र दोष ठरतो. अवतार सिंग खटल्यात, २०१६ साली, सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले: माहिती खरी द्यायची, गुन्हा किरकोळ असेल तर तो लपवल्याची चूक खातं माफ करू शकतं, पण सगळं खरं सांगितलं तरी नेमणूक द्यायलाच हवी अशी सक्ती खात्यावर नाही. आखातात ट्रेलर चालवायला जायचं असेल तर पासपोर्टपाशीच अडतं. खटला प्रलंबित असेल तर त्या कोर्टाची परवानगी घ्यावी लागते, आणि आदेशात मुदत लिहिली नसेल तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो. अर्जात किती वर्षांचा पासपोर्ट हवा ते वकिलाकडून स्पष्ट लिहून घ्या. एका वर्षाच्या पासपोर्टवर व्हिसा मिळणं अवघड.